कदात गुंडाळलेली पिपेट

नाना, तुम्ही सिकंदराबादेहून माझ्यासाठी आणलेली पिपेट पहिल्याच आठवड्यात कामातून गेली होती. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, माझेही केस पिकले, तेव्हा ऐकायला हरकत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगात पाणी नळीने तोंडाने ओढावं लागतं आणि दोन मुलींत मिळून एकच नळी असते, हे मी घरी बोलून बसले आणि तुमचा घास हातातच राहिला. "कुणाकुणाचं उष्टं तोंडात घेणार? त्यापेक्षा कॉलेजातून नावच काढून टाकू." दोन दिवस माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिसऱ्या दिवशी तुम्ही ती विलायती काचनळी घेऊन आलात, आईच्या जुन्या सोवळ्यातल्या रेशमी कदाच्या तुकड्यात गुंडाळलीत आणि म्हणालात, "शीक, बेशक शीक. पण तोंड लावायचं ते हिलाच. आणि हिला दुसऱ्या कुणी लावलेलं मला कळलं, तर त्या दिवसापासून कॉलेज बंद."

मला राग आला होता, नाना. आजही येतो. तुम्ही दिवसभर शेरवानी घालून दफ्तरात बसायचात, साहेब तुमच्या उर्दू अक्षराची चारचौघांत तारीफ करायचे, ईदेला त्यांच्या हातचं अत्तर मनगटाला लावून यायचात, आणि घरी आल्या आल्या थेट न्हाणीघरात. तुम्हाला ते जमायचं. मला ते जमवायचंच नव्हतं.

तो दिवस मला अजून दिसतो. ॲसिड आणि सोडा मोजून मिसळायच्या प्रयोगाच्या, टायट्रेशनच्या आधीची धुलाई चालली आहे आणि आमच्या बाई पाठीशी उभ्या आहेत. सगळी काच आधी नळाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने. नंतर ब्युरेट ज्या ॲसिडने भरायची त्याच ॲसिडने तीनदा विसळायची, पिपेट कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने तीनदा, फ्लास्क मात्र नुसत्या पाण्याने, कारण त्यात सोड्याचा एक थेंब जास्तीचा राहिला तरी उत्तर चुकतं. मी तुमची नळी तोटीखाली धरते, टोक तोटीला लागतं आणि टवका उडतो. बघायला नळी अख्खीच, पण टोक फुटल्यावर पाणी भसाभस वाहतं, माप उरत नाही. माझी जोडीदारीण नामपल्लीची, मुसलमान घरातली, पडदा लावलेल्या टांग्यातून यायची. तिने माझा चेहरा पाहिला. "इत्ता कायकू घबरारी? ये ले ले, पोंछ के देरी मैं," म्हणाली आणि कॉलेजची नळी ओढणीने पुसून माझ्या हातात दिली. मी तोंड लावलं. ओढलं. खुणेच्या वर पाणी आलं, बोटाने वरचं तोंड दाबलं, हळूहळू खुणेपर्यंत उतरवलं. काही झालं नाही, नाना. एकदा सोडा जिभेला लागला तेव्हा साबणासारखी चव आली आणि आम्ही दोघी हसत सुटलो, एवढंच.

असं दोन वर्षं चाललं. दर शनिवारी तुम्ही कद सोडून नळी उजेडात धरायचात आणि विचारायचात, "कुणी तोंड लावलं नाही ना?" मी म्हणायची, "नाही, नाना." खोटं कुठे होतं? त्या नळीला मीसुद्धा तोंड लावत नव्हते.

शेवटच्या प्रॅक्टिकलला आठ दिवस होते तेव्हा माझी ही जोडीदारीण वही परत द्यायला घरी आली. तुम्ही किती खुलला होतात! "तशरीफ रखिए, बेटी," म्हणालात, तिच्या वडिलांची चौकशी केलीत, तिच्या उर्दूवर खूश झालात. चहा आला. आपल्याला पितळेच्या भांड्यांत, तिला बाहेरच्या कोनाड्यात अशा पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या काचेच्या पेल्यात. ती बोलत बोलत प्यायली. मग कुणी न सांगता उठली, अंगणातल्या नळावर पेला तीनदा विसळला, बाईंनी शिकवला होता तसा, आणि निथळायला पालथा ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, "मोठी सलीक्याची पोरगी आहे." माझ्या ओठांवर आलं होतं की नाना, मी दोन वर्षं हिचंच उष्टं खाते आहे. बोलले असते तर परीक्षेला बसले नसते. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिने नळी पुसून पुढे केली आणि विचारलं, "चलेगा ना तुमे?" तोवर तिने असं कधी विचारलं नव्हतं. आपल्या घरी ती पुन्हा आली नाही.

तर ऐका. माझी डिग्री उष्ट्याची आहे. पुढे मी आयुष्यभर मुली शिकवल्या, दोघींत एक नळी दिली आणि कोण कुणाची जोडीदारीण हे एकदाही पाहिलं नाही. तुमची माफी मी मागणार नाही. तुम्ही चुकला होतात, आणि हे तुमच्या तोंडावर सांगायला मला एवढी वर्षं लागली याचाच मला जास्त राग आहे.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. त्या दिवशी तुम्ही मला "चहा आण" एवढंच म्हणाला होतात. आईही घरात नव्हती, देवळात गेली होती. कोनाड्यातला तो पेला मीच काढला.