आतलं माप

३ तारीख, सोमवार

डबी परत अडकली. लेक स्क्रीनवर घर बांधत होती – जिना, खिडकी, खिडकीतून जमिनीवर पडलेलं ऊन – आणि एकदम हिरव्या रेघा. मग सगळं काळं. आजची तिसरी वेळ. ती खुर्चीत मागे टेकून छताकडे बघत राहिली.

डबी म्हणजे तिचा कॉम्प्युटर. बुटांच्या खोक्याएवढा. टेबलावर मोठा मावत नव्हता, म्हणून तिच्या बाबाने उरलेल्या सागवानी फळ्यांचं खोकं करून आतले सगळे भाग त्यात बसवून दिले होते. अजून हात फिरवावासा वाटतो त्याच्यावरून.

सतरा तारखेला तिला शेवटचं काम द्यायचंय. अख्खं घर आतून फिरवून दाखवायचं. ते नाही दिलं तर वर्ष गेलं. म्हणते, ग्राफिक्स कार्ड थकलंय, नवं घालावं लागेल, पण नवी कार्डं लांब असतात, आत मावेल का ते आधी मोजायला हवं. मी म्हटलं, मोजायला घरात माणूस आहे की!

४ तारीख, मंगळवार

मोजलं. आमच्या पद्धतीने. तो टेप धरून आकडा सांगतो, कायम बाहेरचा. मी वहीत लिहिते, दोन्हीकडच्या फळ्यांची जाडी वजा करते आणि पुढे आतलं माप मांडते. लग्नाला एकवीस वर्षं झाली, या पद्धतीला वीस. गिऱ्हाइकं त्याला चिडवतात, मिस्त्री, तुम्हाला वजाबाकी येत नाही का? तो म्हणतो, येते, पण मग ही माझ्याशी बोलेल कशाला!

लेकीने वहीतला आकडा पाहिला आणि लगेच कार्ड मागवलं.

६ तारीख, गुरुवार

लिहू की नको करत होते. लिहितेच.

त्याचं काहीतरी बिनसलंय. मागच्या महिन्यात एका शिक्षिकेच्या घरचं कपाट केलं, तर दोन्ही दारं अठरा मिलिमीटर अपुरी. तिच्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, चष्मा बदला मिस्त्री, नाहीतर काम बदला. तो मान खाली घालून दारं उचलून परत घेऊन आला. या माणसाच्या हातून कधी केसभर फरक पडला नव्हता.

आज दुपारी दूध करपलं. गॅस तसाच. कोणी ठेवला चालू, म्हणून मी ओरडले. "मीच," तो म्हणाला. लेक त्याच्याकडे बघत राहिली.

बावन्न वर्षांचा आहे. त्याचे वडील शेवटी शेवटी स्वतःच्याच घराचा पत्ता लोकांना विचारायचे. मला दुसरं काही सुचत नाही.

७ तारीख, शुक्रवार

कार्ड आलं. बसलं नाही.

जुनं काढलं, नवं खाचेपाशी नेलं, तर त्याचं शेपूट समोरच्या फळीला आडवं. सहा मिलिमीटर. लेकीने तिरकं करून पाहिलं, पंख्याची तार बाजूला करून पाहिलं. मग कार्ड मांडीवर घेऊन बसली, पडलेलं पिल्लू उचलून घ्यावं तशी. कार्डाचं खोकं फोडलेलं, दुकान आता परत घेत नाही. दुसरं घ्यायला तेवढे पैसे नाहीत.

तो म्हणाला, माझंच माप चुकलं. एवढंच. आणि कारखान्यात गेला. मागोमाग गेले तर करवतीच्या यंत्रावर चादर टाकत होता. गावाला जाताना टाकतो तशी.

८ तारीख, शनिवार

फर्निचरच्या मोठ्या दुकानात विकायला उभं राहण्याचं काम धरतो म्हणतोय. तयार कपाटं. मी म्हटलं, तू? दुसऱ्याची भुश्शाची कपाटं विकणार? तर म्हणे, तिथून घर पाच मिनिटांवर आहे. हे काय कारण झालं! वीस वर्षं तासभर लांबची कामं केली तेव्हा घर आठवलं नाही.

माझ्या डोळ्यांसमोर हा माणूस स्वतःला आवरून ठेवतोय. हत्यारं पुसून ठेवतात तसा.

९ तारीख, रविवार

मागच्या दाराशी फोनवर बोलत होता. हळू आवाजात. "शुक्रवारी चालेल. अकरा. डॉक्टर स्वतः असतील ना?"

मला पाहून फोन ठेवला. कोण, विचारलं नाही. 

१० तारीख, सोमवार

वही उघडली. चार तारखेचं पान. २६२. त्याच्यासमोर आतलं माप – २६२. मध्ये वजाबाकी नाही.

अठरा वजा करायचे होते. दोन फळ्या, नऊ-नऊ. दोनशे चव्वेचाळीस. कार्ड अडीचशेचं. तो बरोबर होता. चूक माझी आहे.

११ तारीख, मंगळवार

सांगितलं नाही.

१२ तारीख, बुधवार

सकाळी चहा देताना मनाशी ठरवलं आणि नुसती साखर विचारली. असं कसं झालं माझ्याकडून? लक्ष नव्हतं, दुसरं काय. त्याच्या काळजीत असते सारखी. पण त्या एका चुकीवर तो आपलं सगळं आयुष्य झाकून ठेवतोय, आणि मी गप्प! दुपारी कारखान्यात गेले. चादरीवर भुसा बसला होता. उभ्या उभ्या सांगून टाकलं – वजा करायला मी विसरले, तुझं माप बरोबर होतं.

"माहितीये," तो म्हणाला.

मग माझंच चुकलं कशाला म्हणालास?

"पोरीसमोर कशाला."

मला रडू आलं. म्हटलं, बरं, कपाटाची चूक तरी तुझीच ना? तो पेन्सिल शोधायला लागला. खिशात, फळीवर, खाली. कानामागेच होती. ती काढून त्याच्या हातात दिली. किती दिवस कानामागची पेन्सिल शोधत फिरणार आहे हा, आणि मी ती काढून देणार आहे! देईन. मी आहे ना.

मग अचानक त्याने चादर ओढून काढली. म्हणाला, खोकं घेऊन ये.

१३ तारीख, गुरुवार

बसलं!

समोरची फळी त्याने खोलून घेतली, पटाशीने तिला हाताच्या दोन बोटांएवढी खिडकी पाडली. कार्डाचं टोक त्या खिडकीत येऊन टेकतं. बाहेरून बारीक जाळी. मी बॅटरी धरून उभी होते. एकही टवका उडाला नाही, हात दगडासारखा स्थिर. मी त्या हातांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, अजून आहे, अजून पुष्कळ आहे.

लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या चुकीने हवा चांगली खेळतेय आता." तो हसला. माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी तिने आम्हाला दोघांना तिच्या घरातून फिरवलं. जिना चढून वर. एकदाही अडकलं नाही. खिडकीतलं ऊन सरकतसुद्धा होतं.

उद्या शुक्रवार. मला म्हणतो, तूही चल. जाणारच होते. त्याला एकट्याला कशी पाठवीन? त्याचा बरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. डॉक्टरांना काय काय सांगायचं तेही ठरवलंय – गॅस, पेन्सिल, कपाट.

१४ तारीख, शुक्रवार

दवाखान्यातल्या बाईंनी आतून आडनाव पुकारलं. चल, म्हणून मी त्याच्या दंडाला धरलं. तो उठला नाही. पिशवीतून आमची मापांची वही काढून त्याने माझ्या हातात ठेवली. चार महिन्यांची पानं, माझ्या वजाबाक्या, आणि जवळजवळ प्रत्येकीशेजारी त्याच्या पेन्सिलीने बारीक, दुरुस्त केलेला आकडा. कपाटाच्या पानावर मी दोन फळ्यांचे मिळून अठरा दोनदा वजा केलेत. तिथे दुरुस्ती नाही. डबीच्या आधी तेवढं एकच त्याच्या नजरेतून सुटलं होतं.

बाईंनी पुन्हा पुकारलं, या वेळी पूर्ण नाव. माझं.