लोहपंखचा तिसरा भाग

गुरुवार, १४ तारीख
थिएटरचं ऑफिस

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठणठणीत. आईचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र व्यवस्थित चालतं. बाल्कनीतल्या खुर्च्यांना नवीन कापड चढवलं. तू लहानपणी ब्लेडने फाडलेली तेवढी एक तशीच ठेवलीय.

तुझा निरोप मिळाला. "दादा, निर्मात्यांशी गोड बोल, तिसऱ्या भागाचं दिग्दर्शन माझ्या हातून जाता कामा नये." बोललो. फोनवर तू मध्येच तोडतोस, म्हणून लिहून कळवतोय.

आपली पद्धत तुला माहीत आहे. नवा पिक्चर लागण्याआधी एक खेळ आपल्या नोकरमाणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, आणि मी बाहेर, बंद दाराला पाठ लावून स्टुलावर. मी पिक्चर बघत नाही, ऐकतो. खुर्च्या कुठे करकरल्या, खोकला कुठे आला, रडणारं पोर कुठे गप्प झालं. निर्माते माझ्या कानांवर विश्वास ठेवतात तो त्यामुळे. परवा 'लोहपंख'चा दुसरा भाग ऐकला.

पहिला भाग सोपा होता रे. माणूस उडाला, लोक खूश. दुसऱ्यात उडण्याचं कौतुक कुणाला? आता लोक विचारतात, एवढा उडतोस तर घरी का जात नाहीस? पहिल्यांदा जे मिळालं त्याचा जाब कुणीतरी मागायला हवा, आणि मागणारा ओळखीचा हवा. परका राक्षस आणला की लोक पॉपकॉर्न आणायला उठतात. हे तुला मीच शिकवलं, तिकीटखिडकीमागे शेजारी बसवून. तू नीट शिकलास. पहिल्या भागात हिरोचे पंख शिवून देणारा मोठा भाऊ, तोच आता खलनायक! झकास. अर्धा तास एक खुर्ची वाजली नाही.

मग दारातून त्या खलनायकाचा आवाज आला. "तुझ्या भल्यासाठीच सांगतोय, राजा." पाठोपाठ टेबलावर बोटांची टकटक. आत आपला डोअरकीपर फिस्सकन हसला. काउंटरवाल्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, हुबेहूब!" आणि कुणीतरी, "शू! बाहेरच बसलेत."

टकटक करायची माझी खोड मला ठाऊक नव्हती. आता हात खिशात ठेवतो.

शेवटी तू त्याला गच्चीवरून ढकललास. टाळ्या, शिट्ट्या. आईला पडदा धूसर दिसतो, म्हणून तुझी वहिनी तिला कानात सगळं सांगत होती. गलका ओसरला आणि आईचा आवाज स्वच्छ आला, "मेला का? बरं झालं. फार गोड बोलायचा."

दार उघडलं तर माझ्याकडे कुणी बघेना. डोअरकीपर खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. पायात चपला होत्या.

तुझी वहिनी म्हणाली, "मनावर घेऊ नका हो, पिक्चर आहे."

"अगं, पिक्चर आहे म्हणून तर घ्यायचं. आपला धंदाच तो."

निर्मात्यांना मी खरं तेच सांगितलं. दुसरा भाग धो धो चालणार. तुझं तोंड भरून कौतुक केलं. ते म्हणाले, मग तिसरा त्यालाच देऊ. म्हटलं, "साहेब, तिसऱ्यांदा लोक कशासाठी येतील? टाळ्या उडणाऱ्याला नव्हत्या, पडणाऱ्याला होत्या. तो मेला की तुमचा तिसरा भागही मेला. पडल्यावर तो उठतो, कपडे झटकतो, हसतो. एवढंच शेवटी जोडा."

त्यांना पटलं. विचारलं, "तुमचा भाऊ ऐकेल?"

घरचा माणूस म्हणून मी खोटं कसं बोलू? म्हटलं, "नाही ऐकणार. त्याला तो मेलेलाच हवाय."

मग मीच तुझ्या सहायकाचं नाव काढलं. ऐकणारा पोरगा आहे. तो तुकडा त्यानेच जोडला, तिसरा भागही तोच करतोय. खलनायक परत येतोय, दिग्दर्शक नाही.

हे पत्र त्याच्याच हाती पाठवतोय. त्याला चहा विचार.

उद्या पहिल्या खेळाला ये. आई वाट बघते. तुझी फाटकी खुर्ची रिकामी ठेवतो. मी बाहेर स्टुलावर असेन. मध्येच उठलास तर मला ऐकू येईल.

तुझ्या भल्यासाठीच,
तुझा दादा