ग्लोव्ह्ज धुण्याची अट

सोमवार, ४ मार्च
संताप! कॅप्टनने आज भर ड्रेसिंग रूममध्ये माझ्या ग्लोव्ह्जचा पंचनामा केला. म्हणे, सतरा तारखेच्या फायनलपर्यंत हा वास गेला नाही तर गोलमध्ये उभं राहायचं नाही. ऑफिस टीमचा गोलकीपर सहा वर्षं मी आहे, माझा वास नव्हे! बाकीचे दात काढत होते. आधी स्वतःचे मोजे हुंगा म्हणावं. ठीक आहे. उद्या पहाटे उठून ग्लोव्ह्ज, शिनगार्ड, नी-पॅड, सगळं चकाचक.

मंगळवार, ५ मार्च
उठलो नाही. अपमानाने झोपच उशिरा लागली, त्यात माझा काय दोष?

संध्याकाळी बघतो तर बायकोने माझी किटबॅग जिन्यात नेऊन ठेवलेली. जिन्यात! वरच्या काकूंनी पाइप फुटला समजून प्लंबर बोलावला. तो हुंगत हुंगत थेट माझ्या बॅगेपाशी येऊन थांबला. लोकांना उद्योग नाहीत.

गुरुवार, ७ मार्च
स्पोर्ट्‌सच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, मॅच संपली की लगेच कोमट पाण्यात धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे, ओले बॅगेत कोंबायचे नाहीत. मला शिकवतो! मी सेंटची बाटली आणली आणि अर्धी ग्लोव्ह्जमध्ये ओतली. काम फत्ते.

शुक्रवार, ८ मार्च
फत्ते नाही. आता वास दोन झालेत. मेव्हण्याने गाडीच्या चारही काचा खाली केल्या. फुलांच्या दुकानात उंदीर मेल्यासारखं वाटतंय म्हणाला. बायकोचा भाऊ म्हणून सोडला.

रविवार, १० मार्च
सगळं एकदम वॉशिंग मशीनमध्ये टाकलं. आत बायकोचे नवे टॉवेल आहेत हे मला कोणी सांगितलं होतं का? ग्लोव्ह्जच्या वेल्क्रोने टॉवेलांचे धागे ओढून काढले. टॉवेलांना वास लागला, ग्लोव्ह्जचा गेला नाही. बायकोने माझ्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. मशीनच भंगार आहे, हे कोणी ऐकून घेत नाही.

बुधवार, १३ मार्च
आज नक्की धुणार होतो. पण डोकं इतकं तापलं होतं की काही सुचेना. सरावाला कॅप्टनने अकाउंट्समधल्या काडीपैलवानाला गोलमध्ये उभं केलं. नुसतं बघतोय म्हणाला. काडीने सगळ्या पेनल्टी अडवल्या म्हणे. माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं, मला काही दिसलं नाही.

उद्या धुणार म्हणजे धुणार.

शनिवार, १६ मार्च
ग्लोव्ह्ज धुतले! म्हणजे हात बायकोचे होते. कोमट पाण्यात शाम्पू घालून तिने बोटन्‌बोट चोळलं, हलकेच दाबून पाणी काढलं, आत कागदाचे बोळे भरले आणि सावलीत टांगले. मी शेजारी उभा राहून सूचना देत होतो. ती म्हणाली, तोंड बंद ठेवा आणि टॉवेल भरून द्या. असो. आता नाक खुपसलं तरी काही येत नाही. उद्या कॅप्टनच्या नाकावर टिच्चून खेळणार!

रविवार, १७ मार्च
मैदानावर गेल्या गेल्या ग्लोव्ह्ज कॅप्टनच्या नाकाखाली धरले. त्याने हुंगले. परत हुंगले. त्याचा चेहरा पडला.

मला बाजूला घेऊन म्हणाला, तू हे धुशील असं टीममध्ये कोणालाच वाटलं नव्हतं, म्हणून तर ती अट घातली. इतक्या वर्षांच्या मित्राला तोंडावर कसं सांगायचं, की आता तुझ्याच्याने बॉल अडत नाही?

ग्लोव्ह्ज बॅगेत ठेवून दिले. फार वाईट वाटलं.

मॅच सुरू होताना काडीच्या ग्लोव्ह्जची शिवण उसवली. कॅप्टनने माझे मागितले. दिले. बाकावर बसून पाहिलं, या वेळी ऊन पाठीवर होतं. आमच्यावर एकही गोल झाला नाही. आम्ही जिंकलो. ग्लोव्ह्ज परत मिळाले तेव्हा ओलेचिंब होते, त्याच्या घामाने.

घरी बायकोने विचारलं, कसे खेळलात? म्हटलं, ग्लोव्ह्ज छान खेळले.