बार्शी रोडवरचा तीस खाटांचा दवाखाना

१ जानेवारी १९९६
सोमनाथने एलआयसीची डायरी दिली. तो एलआयसीचा एजंट आहे, पण आजपासून माझा प्रोजेक्ट कन्सल्टंट. रोज लिहायचं ठरवलं. पुढे माझ्यावर कोणी लेख लिहिला तर तारखा सापडायला हव्यात.

निर्णय झाला. बीड वाढतंय. पुरावे: आमच्या गल्लीत तीन एसटीडी बूथ झाले. सुभाष रोडला संध्याकाळी स्कूटर उभी करायला जागा मिळत नाही. एवढ्या मोठ्या शहरात खासगी डोळ्यांचा मोठा दवाखाना नाही, हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. बार्शी रोडला अप्पांची दोन एकर पडीक जमीन आहे. जागा आमची, डॉक्टर सरकारचे, मॅनेजमेंट माझं. तीस खाटा. याला भागीदारी म्हणतात. दिल्लीत सध्या हेच चाललंय.

भांड्यांचं दुकान माझी बायको रुद्राणी बघेल. तसंही तीच बघते.

२ जानेवारी
रुद्राणी म्हणाली, दवाखाना काढायच्या आधी अप्पांचं ऑपरेशन करून घ्या. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डाव्याने काहीच दिसत नाही, उजव्याने फक्त उजेड कळतो. सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी फुकट होतं म्हणे.

मी शांतपणे समजावलं. नेत्र रुग्णालयाच्या मालकाचा बाप दुसरीकडे ऑपरेशन करून घेतो, यातून मार्केटला काय मेसेज जाईल? आपल्या थिएटरमधलं पहिलं ऑपरेशन अप्पांचं. उद्घाटनही त्यांच्याच हस्ते.

अप्पा म्हणाले, "तू म्हणतूस तर थांबतो. घाई न्हाई."

मोठा माणूस.

१२ जानेवारी
प्रोजेक्ट रिपोर्ट तयार. बावीस पानं, स्पायरल बाइंडिंग. सोमनाथच्या हिशेबाने २०२० साली बीड पुण्याच्या पुढे जाईल. मला साल थोडं उशिराचं वाटलं, पण रिपोर्टमध्ये संयम असावा.

१५ जानेवारी
प्लॉटवर जाऊन सोमनाथने आणि मी चुन्याच्या फक्कीने इमारतीची आखणी केली. तिथे म्हाळू नावाच्या धनगराची मेंढरं बसतात. त्याने विचारलं, "कावून रेघा मारायलेत?" दवाखाना होणार म्हणून सांगितलं. "मान्सांचा का मेंढरांचा?" मी पुढची रेघ मारली.

संध्याकाळी अप्पांनी विचारलं, कुठवर आलं. म्हणालो, पाया आखला. शब्दशः खरं आहे.

१७ जानेवारी
मेंढरांनी पाया पुसला. म्हाळूला ताकीद दिली. त्याने मेंढरांना दिली की नाही माहीत नाही.

अप्पांना म्हणालो, पाया झाला. एकदा आखलेला पाया झाल्यासारखाच असतो. रोज रोज तेच ऐकून म्हाताऱ्या माणसाचा उत्साह जातो.

६ फेब्रुवारी
आज सरकारी दवाखान्याचे मोठे साहेब भेटले. (तिसरी खेप. आधीच्या दोन खेपांत शिपायाशी चांगले संबंध तयार झाले.) साहेबांनी विचारलं, अशी काही स्कीम आहे का? मी म्हणालो, नाही, म्हणूनच आम्ही आलोय. ते म्हणाले, जिल्ह्याला डोळ्यांचे डॉक्टर मुळात कमी, त्यातले तुम्हाला कसे देणार? मी म्हणालो, अर्धे अर्धे. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग चहा मागवला. चहा मागवला ही लहान गोष्ट नाही.

अर्जावर त्यांनी स्वतःच्या हाताने शेरा मारला: फाईलला लावावे. सोमनाथ म्हणाला, एकदा फाईलला लागला की कागद तिथून हलत नाही. कायमचा.

संध्याकाळी अप्पांना सांगितलं, सरकार तयार आहे, भिंती कमरेएवढ्या आल्या. अप्पांनी विचारलं, खिडक्या कोणत्या अंगाला? मी पटकन पश्चिम म्हणालो. ते म्हणाले, "पूर्वेला घे. सकाळचं ऊन आजाऱ्याला बरं." सूचना उत्तम. नोंद घेतली. खिडक्या बदलल्या.

२ मार्च
अप्पा आता रोज संध्याकाळी ओट्यावर माझी वाट बघतात. पूर्वी मी दुकानातून परस्पर मित्रांकडे जायचो, आता जाता येत नाही. आज विटा कुठल्या ते सांगितलं. त्यांनी गवंड्याचं नाव विचारलं. सुग्रीव म्हणालो. त्यांना नाव आवडलं.

१९ मार्च
निवडणूक लागली. आचारसंहिता. आता दोन महिने कोणताही साहेब भेटणार नाही. प्रोजेक्ट थांबण्याचं कारण राष्ट्रीय पातळीवरचं आहे, याचं समाधान वाटलं.

अप्पांना म्हणालो, स्लॅब पडला. तोंडातून निघून गेलं. किती माणसं होती, विचारलं. चाळीस म्हणालो.

२० मार्च, पाडवा
अप्पा सकाळीच रुद्राणीला म्हणाले, स्लॅब टाकलेल्या माणसांना सणाचं गोडधोड जेवायला घातलं पाहिजे, आपल्या घरची रीत आहे. चाळीस माणसांच्या पोळ्या कर.

रुद्राणीने केल्या. पुरण वाटताना आणि पोळ्या लाटताना सबंध वेळ माझ्याकडे बघत होती. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत.

डबे रिक्षात घालून प्लॉटवर नेले. म्हाळूच्या पालावर लहानमोठी मिळून नऊ माणसं. पोटभर जेवली. उरलेल्या पोळ्या त्याची बायको रतनबाई हिने चाचपून चाचपून फडक्यात बांधल्या. तिलाही डोळ्यांनी दिसत नाही. आमचा भावी पेशंट. म्हाळू म्हणाला, "सावकार, दवाखाना लई चांगला हाय तुमचा."

संध्याकाळी अप्पांनी विचारलं, जेवली का समदी? हो म्हणालो. पोट भरून? हो. अगदी खरं बोलताना किती मोकळं वाटतं.

२० एप्रिल, बसवजयंती
प्लॉटवर बोर्ड लावला. "रुद्रप्पा नेत्र रुग्णालय (नियोजित)". पेंटरचा अंदाज चुकला, नियोजितला जागाच उरली नाही. राहू दे. नाहीतरी तो शब्द निराशावादी आहे.

१९ मे
मांजरसुंब्याच्या ढाब्यावर इन्व्हेस्टर मीटिंग. अकराजणांना बोलावलं, चार आले. त्यांतले दोघे सोमनाथच्या पॉलिसीबद्दल विचारायला आले होते. तिसरे एक गृहस्थ लातूरच्या गाडीतून चहाला उतरले होते, चुकून आमच्या टेबलावर बसले. त्यांनी मात्र मन लावून ऐकलं. गाडीने हॉर्न दिला तेव्हा उठले. चौथ्याने जेवण झाल्यावर विचारलं, डोळ्यांऐवजी बिअर बार काढला तर?

सोमनाथने तीन पॉलिसी विकल्या. म्हणजे बीडमध्ये इन्व्हेस्टमेंटचं वातावरण आहे, हे सिद्ध झालं.

२३ जून
अप्पा पडले. दुकानात स्टीलच्या टाक्या वाटेत ठेवल्या होत्या, त्यांना अडखळले. गुडघा फुटला, कपाळाला खोक. टाक्या मीच ठेवल्या होत्या, पण उजेड चांगला होता.

रुद्राणी पहिल्यांदाच अप्पांच्या समोर मला बोलली. आता बास. येत्या मंगळवारी मी अप्पांना घेऊन जाणार. मी दसऱ्यापर्यंत मुदत मागितली. तोवर अप्पाच म्हणाले, "पोरानं माझ्यासाठी येवढी इमारत उभी केली, आन् मी दुसऱ्याच्या खाटंवर जाऊन पडू? लोकं काय म्हनतील त्याला?"

अभिमान वाटला. जेवायला मात्र बसावंसं वाटलं नाही. उकाड्याचा त्रास असेल.

२४ जून
संकल्प: (१) साहेबांना भेटणे. (२) वाटेत टाक्या न ठेवणे.

३० जून
दुसरा पाळला.

१९ ऑगस्ट
श्रावणी सोमवार, दुकानात गर्दी. रतनबाई एकटी आली, पाल ते सुभाष रोड, कोणाचा हात न धरता. पातेलं उलटं करून म्हणाली, "ह्याच्या बुडाला पोचा हाय, दुसरं द्या." पोचा मलासुद्धा दिसला नव्हता. गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. चष्मा मिळाला. फुकट.

एक पेशंट हातचा गेला.

दुकानामागेच घर; अप्पा आत बसले होते. त्यांनी तिला बोलावून घेतलं. दुखतं का, किती दिवस पट्टी, सगळं विचारलं. मग म्हणाले, "बाई, तू तिकडंच राहतीस. आमची इमारत बगितलीस का? कशी दिसती?"

माझ्या हातून ताटांची चळत पडली. (हातून म्हणजे, मी सोडली.) चोवीस ताटं. आवाज मोठा झाला. रुद्राणी रतनबाईला घेऊन स्वयंपाकघरात गेली. दोघी तासभर आत होत्या.

बायकांचं काय एवढं बोलणं असतं.

७ ऑक्टोबर
औरंगाबादला निघालो. सोमनाथच्या ओळखीची एक कंपनी जॉइंट व्हेंचरला उत्सुक आहे.

९ ऑक्टोबर, सकाळ
कंपनी फिनाइल बनवते. दवाखाना झाल्यावर आमचंच फिनाइल घ्या, एवढीच त्यांची उत्सुकता. तरी हेल्थ सेक्टरशी संबंध आला.

त्याच दिवशी, संध्याकाळ
घरी आलो तर ओट्यावर अप्पा नाहीत. काल मंगळवार होता. रुद्राणी आणि रतनबाई त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंसुद्धा.

अप्पा तयार कसे झाले, विचारलं. रुद्राणी म्हणाली, मी सांगितलं, आपल्या दवाखान्याचा गिलावा अजून ओला आहे, ओल्या भिंतीत जखम चिघळते. एक डोळा इथे करू, दुसरा तिथे. मग ऐकलं त्यांनी.

गिलाव्यापर्यंत मी अजून आलोच नव्हतो.

दवाखान्यात भेटायला गेलो. अप्पा हिरवी पट्टी बांधून पडले होते. माझा आवाज ओळखून पहिलं वाक्य: "राजेश्वर, रागावू नगंस बाबा. दुसरा डोळा तुझ्याकडंच करू."

१९ नोव्हेंबर
अप्पांना चष्मा मिळाला. जाड भिंगाचा. घरी आल्यावर त्यांनी सगळं पाहिलं. रुद्राणीला म्हणाले, "पोरी, लई वाळलीस." दुकानाचा बोर्ड वाचला. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक स्कूटरचा नंबर वाचला. मग म्हणाले, चला, दवाखाना बघू.

मी म्हणालो, बांधकामाची धूळ डोळ्याला वाईट. महिनाभर नको.

२१ नोव्हेंबर
रविवारी कपिलधारची यात्रा. गल्लीने टेम्पो ठरवला आहे, अप्पा जाणारच. कपिलधारचा रस्ता बार्शी रोडने जातो. याला दुसरा रस्ता नाही. नकाशा पाहिला.

२३ नोव्हेंबर
उद्यासाठी मुद्दे तयार केले. प्रकल्प टप्प्याटप्प्याने होतो. पहिला टप्पा कागदोपत्री असतो, तो पूर्ण. पायाभूत सुविधांना जगभर वेळ लागतो. एकूण आठ मुद्दे. आरशासमोर म्हणून पाहिले. पटण्यासारखे आहेत.

२४ नोव्हेंबर, रविवार. कपिलधार.
दुपारचे तीन. सगळे दर्शनाच्या रांगेत आहेत. मी टेम्पोत बसून लिहितो आहे.

बार्शी नाका ओलांडला तसे अप्पा सावरून बसले. ड्रायव्हरला सांगून त्यांनी टेम्पो थांबवला. कोणाचा हात न धरता उतरले. मी मागोमाग. रुद्राणी खाली उतरली नाही.

आधी त्यांनी बोर्ड वाचला. स्वतःचं नाव दोनदा. मग पुढे गेले. प्लॉटवर म्हाळूची मेंढरं बसली होती, मागे बाभळी. अप्पा बराच वेळ उभे राहिले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. मान कलती करून पाहिलं. चार पावलं डावीकडे गेले, तिथून पाहिलं.

मी पहिला मुद्दा आठवत होतो.

ते माझ्याजवळ आले. टेम्पोतल्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणाले, "राजेश्वर, घरी कुनाला बोलू नगंस. सुनेनं लई कष्टानं ऑपरेशन करून आणलंय, तिला वाईट वाटंल. पर माझा डोळा नीट झाला न्हाई बग. बोर्ड दिसतो. मेंढरं दिसत्यात. त्या पल्याडच्या बाभळीची शेंग दिसती. इमारत तेवढी दिसंना."

आठही मुद्दे गेले. त्यांच्या जागी एक नवा आला, आणि तो सगळ्यांत सोपा होता. चष्म्याचा नंबर बसायला वेळ लागतो, सहा महिने धीर धरा, एवढंच म्हणायचं. अप्पांनी मानलं असतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. गेली दोन-तीन वर्षं ते आवाजाच्या दिशेने बघायचे. आज नेमकं माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "अप्पा, डोळा बरोबर आहे."

त्यांनी वळून परत एकदा प्लॉटकडे पाहिलं. एक मेंढरू उठलं आणि दुसऱ्या जागी जाऊन बसलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"बरं," अप्पा म्हणाले.

टेम्पोपाशी आल्यावर त्यांनी हात पुढे केला. पायरी उंच नव्हती आणि त्यांना ती दिसत होती. तरी केला. मी धरला.