दोन घावांची पाचर

योंकर्स, १४ नोव्हेंबर

प्रिय झेफ,

काल आमच्या शेजारचा कोला बेकरीतून येताना तुझ्याकडच्या दोन गोष्टी घेऊन आला. एक म्हणजे आमच्या म्रिकाच्या वाढदिवसाचे लाल बूट, आणि दुसरा तुझा माझ्यासाठी निरोप, "प्रेंकला विचार, पाचव्या मजल्यावरचा क्विग्ली बाईंचा रेडिएटर अजून का गळतोय, मी सगळं करून पाहिलं." आठ महिन्यांत तुझा एक फोन नाही, आणि आता हे. तुझ्या वहिनीनं, द्रानेनं, हातातली कढई ओट्यावर आपटली. "नोकरी घेतली, घर घेतलं, आता अक्कल पण मागतोय!" असं म्हणाली. मी तिला म्हटलं, ऐंशी वर्षांची बाई ओल्या फरशीवर घसरून पडायच्या आत रेडिएटरचं काय ते सांगून टाकू, भांडण कुठं पळून जात नाही.

तर आधी रेडिएटर. तू नट आवळत सुटला असणार, ती तुझी जुनी खोड. आवळून तो थांबणार नाही, कारण जोडाची बैठकच हलली आहे. सकाळी दहा वाजता, लोक कामाला गेले की बॉयलर बंद कर. लोखंड हाताला सोसेल इतकं निवू दे. मग मोठा नट सोड, दोन्ही तोंडं कापडानं लख्ख पूस, दोऱ्याला ग्रीस लावून आट्यांभोवती तीन वेढे दे, नट हातानं बसव आणि पान्यानं फक्त अर्धा फेरा. दुसऱ्या टोकाची हवा सोडणारी शिट्टी नवीनच घाल, जुनीच्या घशात गंज साचलाय. बाईंना सांग की चावी पूर्ण उघडी ठेवा नाहीतर पूर्ण बंद. त्या ऐकणार नाहीत. उकडलं की अर्धी फिरवतील आणि वर खिडकीही उघडतील, तरी सांग. आणि शेवटी उतार बघ. वाफ ज्या नळातून येते त्याच नळातून तिचं पाणी परत जातं, म्हणून रेडिएटर नळाकडे जरासा कललेला हवा, शिट्टीकडच्या पायांखाली पाचर हवी. उलटा कलला तर पाणी आत अडकतं, वाफ त्यावर आदळते, घरभर हातोडे वाजतात आणि दोन-तीन दिवसांत जोड ढिला होऊन गळायला लागतो. पण हे तुला ठाऊक आहे. त्याच तळघरात बॉयलरसमोर बसवून मीच तुला शिकवलंय.

तू गावाकडच्या डोंगरातून थेट आमच्या दारात आलास तेव्हा म्रिका चाळीस दिवसांची होती. अकरा महिने तू आमच्या सोफ्यावर झोपलास, आणि पाय बाहेर लोंबायचे म्हणून द्राने खाली खुर्ची लावायची. इंग्रजीचे तुला चारच शब्द यायचे, त्यातले तीन शिव्या. तरी क्विग्ली बाई तुझ्यावर खूश. पुढं म्रिका दोन वर्षांची झाली आणि जावळाचा विषय निघाला. गावाकडची म्हातारी माणसं फोनवर हसली, पोरीचं कसलं आलंय जावळ, मुलगा होईल तेव्हा बघू म्हणाली. तू फोन माझ्या हातातून ओढून घेतलास. "पोरगी असली म्हणून काय झालं? कात्री मी धरणार, आणि ही माझी पहिली लेक!" असं ओरडलास. पहिली बट तू कापलीस, पांढऱ्या रुमालात बांधून खिशात ठेवलीस आणि आपल्या रिवाजाप्रमाणे त्या दिवसापासून आपण रक्ताच्या भावांपेक्षा जवळचे झालो. मला सख्खा भाऊ नाही. त्या रात्री राकीचा दुसरा पेला पोटात गेल्यावर मी रडलो होतो, आणि तू वर्षभर त्यावरून माझी टर उडवलीस.

म्हणून फेब्रुवारीत डेट्रॉइटला मावशी वारली तेव्हा इमारतीच्या किल्ल्यांचा जुडगा तुझ्या हातात ठेवताना माझ्या मनाला दुसरा विचारही शिवला नाही. तीनच दिवस होते. परत आलो तर बाईंचा रेडिएटर गळून चौथ्या मजल्यावरचं छत जेवणाच्या टेबलावर आलेलं, नशिबानं तेव्हा तिथं कोणी बसलेलं नव्हतं. वर क्विग्ली बाई केकच्या साच्यात पाणी धरून बसलेल्या. आणि मॅनेजर टॉबिन जिन्यात माझी वाटच पाहत होता. त्यानं एका श्वासात मला कामावरून काढलं आणि महिनाअखेर तळघरातलं आमचं घर रिकामं करायला सांगितलं. इमारत सांभाळणाऱ्या सुपरची नोकरी गेली की त्याच्या मुलांच्या डोक्यावरचं छपरही जातं, हे तुला मी काय सांगणार. एकोणीस वर्षं होती ती. म्रिकाची उंची आम्ही बॉयलरच्या खोलीच्या दारावर खिळ्यानं कोरायचो. ते दार आता तुझं आहे, त्यावर रंग मारला असशील तर मला सांगू नकोस.

तू टॉबिनला काय सांगितलंस ते मला क्विग्ली बाईंनी सांगितलं. प्रेंक वर्षभर त्या रेडिएटरकडे फिरकलाच नाही, असं म्हणालास. तरी मी तुझी बाजू घेतली. द्रानेला म्हटलं, घाबरला असेल, नवी जबाबदारी होती, तोंडातून निघून गेलं असेल. मार्चमध्ये तू तिथं राहायला गेलास तेव्हाही म्हटलं, कोणीतरी जाणारच होतं, मग आपला माणूस गेला तर काय वाईट? आमचं सामान हलवायला तू आलास, माझा पलंग खांद्यावर घेऊन जिना चढलास, निघताना मला मिठी मारलीस आणि म्हणालास, "जीव तुटतोय रे प्रेंक." तेव्हाही मी तुझ्या पाठीवर थोपटलं. माझा दुसरा हात कोटाच्या खिशात होता.

त्या खिशात काय होतं ते आज सांगतो. डेट्रॉइटहून आलो त्याच संध्याकाळी मी बाईंच्या रेडिएटरखाली टॉर्च घेऊन आडवा झालो होतो. शिट्टीकडची माझी पाचर जागेवर नव्हती. नळाकडच्या पायांखाली मात्र नवीकोरी पाचर होती, रेडिएटर उलटा कलेल अशी ठोकून बसवलेली. मिरच्यांच्या खोक्याचं लाकूड, दोनच घाव, आणि बाईंच्या अनवाणी पायाला लागू नये म्हणून टोक तासलेलं. अशी पाचर त्या इमारतीत दोनच माणसं करतात. त्यातला तू डावरा आहेस, झेफ. तुझा घाव उलट्या अंगानं उतरतो. मी कितीदा तरी तुला त्यावरून चिडवलंय.

मी फरशीवर पडून राहिलो. बाई वरून विचारत होत्या, "सापडलं का काही?" मी म्हटलं, नाही. पाचर काढून खिशात टाकली, शिट्टीकडे तात्पुरता पुठ्ठा दुमडून सरकवला आणि टॉबिनला एक अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं घर वाचलं असतं. पण तुझी बायको पाश्का पोटुशी होती, तुम्ही दोघं परक्याच्या बैठकीत गादी टाकून झोपत होता, आणि म्रिकाच्या जावळाच्या माणसाला रस्त्यावर काढायला माझी जीभ उचलली नाही. वाटलं, तू स्वतः येशील. आज येईल, उद्या येईल म्हणत मी आठ महिने वाट पाहिली. तुला घर हवं होतं तर मागायचं होतंस! मी शेजारच्या चार इमारतींत शब्द टाकला असता, नाहीतर परत सोफा दिला असता. इतकं करूनही बाईंच्या अनवाणी पायाला लागू नये म्हणून टोक तासायचं तुला सुचलं. मला त्याचाच जास्त राग येतो, कारण तेवढा तू अजून माझा झेफ होतास.

बूट म्रिकानं घालून घरभर मिरवले. परत पाठवतो म्हटलं तर रडली, मग माझ्यानं काढून घेववले नाहीत. रात्री विचारत होती, झेफकाका स्वतः का नाही आला. मी म्हटलं, थंडी सुरू झाली, बॉयलर सोडून कसा येईल. तुझ्यासाठी बोललेलं हे माझं शेवटचं खोटं. रेडिएटरचं तर मी कोलाच्या तोंडीही सांगू शकलो असतो. पत्र लिहिलं ते मागणं आहे म्हणून. या पाकिटात तुझी पाचर घातली आहे. ती शिट्टीकडच्या पायांखाली घाल, चांगली केली आहेस, बरोबर बसेल. पाकीट रिकामं झालं की त्यातच तो पांढरा रुमाल घाल आणि माझ्या लेकीचे केस मला परत पाठव.

म्रिकाचा बाप,
प्रेंक