मुळ्याच्या डब्यामागचा साचा

अप्पा,

किमचीच्या फ्रिजमध्ये आंबवलेल्या मुळ्याच्या डब्यामागे लपवलेला तुमचा रात्री दातांवर चढवायचा साचा सापडला. पार वाकडा झालाय! फडक्यांबरोबर पातेल्यात उकळलात ना? गार पाण्यानेच धुवा, असं दातांच्या डॉक्टर पेकबाईंनी बजावलं होतं. आणि मला रोज सकाळी सांगता, "मस्त बसतो गं!"

झोपेत तुमचा श्वास अडतो, हे मी सांगितलं तर हसण्यावारी नेलंत. पेकबाईंना झिजलेले दात बघून शंका आली, त्यांनी तपासणीला पाठवलं, तेव्हा कुठे पटलं. तो साचा खालचा जबडा पुढे धरतो, म्हणून घसा मोकळा राहतो. शोभेची वस्तू नाही ती! माझ्या वाढदिवसाच्या सूपावर चमचा हातात धरून डुलक्या काढल्यात, ते एक वेळ ठीक. पण तुम्ही बस चालवता, अप्पा.

आज दुपारीच पेकबाईंकडे जाऊन नवं माप द्या. मी फोन केलाय. लाज वाटत असेल तर सांगा, मुलीने उकळला. नवा साचा येईपर्यंत रजा टाका.

भात कुकरमध्ये आहे. मी बुसानला निघाले. उद्यापासून नवी नोकरी.

आई गेल्यापासून रात्री तुमचा श्वास थांबला की मी पलीकडून भिंत ठोकते. तुम्हाला वाटतं, शेजारी भांडतायत.

आजपासून शेजारी भांडणार नाहीत.

बोरा