विसाव्याची पाटी

बनी पार्क, जयपूर

प्रिय सुवर्णाताई,

कॉन्व्हेंटमध्ये आपल्याला न्यायला आलेली आई बाकाच्या अगदी टोकाला बसायची, जणू शिक्षा तिलाच झाली आहे. आठवतं? माझी सून भार्गवी इस्पितळात तशीच बसायची. तनयाला, माझ्या नातीला, रक्ताचा आजार आहे. तुला कळवलं नाही, कारण तू दुखऱ्या गुडघ्यांनिशी पहिली गाडी पकडशील. हेही पत्र टाकणार नाहीच.

मी भुणभुण लावल्यावर मोठ्या डॉक्टरांनी आजारी मुलांच्या आयांसाठी एक अडगळीची खोली दिली. पिवळा रंग, आरामखुर्च्या, चहाची किटली, पोटभर रडायला पडद्याआडचा कोपरा, सगळं मी ठरवलं. नाव ‘विसावा’. पेंटरला फोनवर सांगितलं, तर त्याने ऐटीत रंगवलं, ‘बीसवाँ कमरा’!

पहिल्याच दिवशी एका बापाने विचारलं, “माँजी, बाकी उन्नीस किधर हैं?”

मी पाटी पुसायला निघाले, तर शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई, मुरलीपुऱ्याच्या यमुनाजी, आडव्या आल्या. “रहने दीजिए. मतलब, बीसवें दिन छुट्टी!” आणि आमच्या आधी भरती झालेला त्यांचा मुलगा खरंच त्याच्या विसाव्या दिवशी घरी गेला. तेव्हापासून पाटीला हात लावायची कुणाची छाती नाही, डॉक्टरांचीही.

आज तनयाचा एकोणिसावा दिवस. डॉक्टर म्हणतात, उद्याचा रिपोर्ट बघू. नन्सच्या हाताखाली शिकलेली मी पाटीला रोज नमस्कार करते.

उद्या सुटी मिळाली, तर आईची गोधडी खोलीतच राहील, पुढच्या आईसाठी. लाडवांचा डबा नर्सबाईंना. भार्गवीला माझा पलंग, दार लावून झोपायला.

नाही मिळाली, तर गोधडी भार्गवीला, आणि हे पत्र तुला.

तुझी धाकटी,
प्रतिमा